सोपं विमान

बुधवार पेठेत दगडूशेठच्या देवळाकडून आत वळलं की रेडिओवाल्यांची बोळ लागायची. त्या बोळीत हमीदभाई तांबोळींचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक माणूस बसेल आणि दुसरा तिरका उभा राहील एवढी जागा. संकष्टीला दर्शनाची रांग पार त्यांच्या फळीपर्यंत यायची. रांगेतल्या बायका चपला फळीखाली सरकवायच्या आणि हमीदभाई सोल्डरिंग करता करता त्यांवर लक्ष ठेवायचे. "जा निवांत. चपलेत जीव अडकला तर देव कसा दिसायचा," म्हणायचे. दुसऱ्याच्या देवाची एवढी बूज राखणारा माणूस आपल्या देवाला किती धरून असेल, ते वेगळं सांगायला नको.

या दुकानात १९७७ साली मच्छिंद्र ओव्हाळ बंद पडलेला ट्रान्झिस्टर घेऊन आला. पिंपरीच्या एका कारखान्यात तो स्टोअरला होता, राहायला दापोडीत. लहानपण मात्र धानोरीच्या माळावर गेलेलं, लोहगावची विमानं मोजत. हमीदभाईंच्या भिंतीवर इंग्रजी मासिकातून कापलेलं एक चित्र चिकटवलेलं होतं. ते बघून तो सहज म्हणाला, "कॅनबेरा."

हमीदभाईंनी मान वर न करता विचारलं, "कुठलं कॅनबेरा?"

"म्हणजे?"

"बॉम्बवालं की फोटोवालं?"

मच्छिंद्र भिंतीशी नाक नेऊन बघत राहिला. "वैमानिकाची काच डाव्या अंगाला सरकलीय. म्हणजे बॉम्बवालं."

मग हमीदभाईंनी मान वर केली. स्टुलावरचा उघडा रेडिओ उचलून खाली ठेवला आणि म्हणाले, "बस."

तो जो बसला तो पंचवीस वर्षं. हमीदभाई वयानं आठ वर्षांनी मोठे, शाळा सातवीपर्यंत. हवाई दलातला एक सार्जंट रेडिओ दुरुस्तीला आणायचा आणि जुनी मासिकं ठेवून जायचा. त्या मासिकांवर ते इंग्रजी शिकले. भाजीवाल्याशी इंग्रजी बोलता आलं नसतं त्यांना, पण पंखाखाली काय काय टांगलेलं असतं ते सगळं इंग्रजीतून येत होतं.

दोघं तात्यारावांच्या मंडळात एकदमच गेले. तात्याराव गणिताचे शिक्षक. सदाशिव पेठेत त्यांच्या माडीवर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला आठ-नऊ विमानवेडे जमायचे. दहा म्हणजे दहा. पाच मिनिटं उशीर झाला तर तात्याराव जिन्याकडे बघून म्हणायचे, "या. विमान गेलं, आता एस.टी. बघा."

खेळ साधा होता. ज्याची पाळी असेल त्यानं एखादं आडवाटेचं लष्करी विमान मनात धरायचं आणि त्याचं नाव लिफाफ्यात बंद करून तात्यारावांकडे द्यायचं. मग पाच खुणा सांगायच्या, अवघड आधी, सोपी शेवटी. पहिल्या खुणेला ओळखलं तर पाच गुण, दुसरीला चार, असं उतरत जायचं. ज्याला कळलं त्यानं टेबल वाजवायचं. चुकला तर त्या डावातून बाद, तोंडाला कुलूप. वर्षाअखेर ज्याचे गुण जास्त त्याला फिरती ढाल, ढालीवर पितळी पट्टीत नाव.

त्या ढालीवर ओव्हाळचं नाव अकरा वेळा होतं. तांबोळींचं एकदाही नाही. ते कायम दुसरे. "ढाल दापोडीला, पुसायला फडकं बुधवारातून," असं तेच हसत सांगायचे. पण डिसेंबरात पट्टीवर नाव कोरायला जायचं तेव्हा ते तेवढ्या वेळ खिडकीतून खाली बघत उभे राहायचे. हे मच्छिंद्रनं पाहिलेलं होतं.

आणि मच्छिंद्रची पाळी असली की तो हमीदभाईंना अडकवायलाच यायचा. महिनाभर ग्रंथालयात बसून असं काही हुडकून काढायचा की बाकीचे पहिल्या खुणेलाच चहा मागायचे. हमीदभाई मात्र डोळे मिटून बसत. कधी चौथ्या खुणेला टेबल वाजायचं, कधी वाजायचंच नाही. जिना उतरताना ते मच्छिंद्रच्या पाठीत बुक्की घालायचे. "आज रक्त काढलंस." ही त्यांची शाबासकी. एखाद्या महिन्यात रक्त निघालं नाही तर ते नाराज व्हायचे.

पुढं दिवस पालटले. बाहेरचे स्वस्त सेट एवढे आले की बिघडलेला दुरुस्त करायची कुणाला गरज उरली नाही. बोळीतली दुकानं एकामागून एक बदलली. हमीदभाईंच्या मुलानं, फैझलनं, फळीवर मोबाइलची कव्हरं टांगली, आणि रेडिओ मागच्या मागं सरकत गेले. दोन हजार एकला पिंपरीच्या कारखान्यानं मच्छिंद्रला स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढं केला. स्वेच्छा कुणाची ते कुणी विचारलं नाही, पण वयाच्या बावन्नाव्या वर्षी नारळ हातात आला. तात्यारावांच्या माडीखालच्या टायपिंग क्लासचा कॉम्प्युटर क्लास झाला. मंडळात राकेश नावाचा सॉफ्टवेअरमधला मुलगा यायला लागला. पोरगा गुणी, नम्र, येताना इंटरनेटवरून काढलेले कागदांचे गठ्ठे आणायचा. कुठलं विमान किती वेगानं जातं, कधी बनलं, किती बनली, सगळं त्याला पाठ. जे कागदावर असेल ते.

दोन हजार दोनच्या जूनमध्ये हमीदभाईंच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, शेक झाले. आवाज गेला, नुसती हवा सुटल्यासारखी फुसफुस राहिली. तरी दुसरा रविवार चुकला नाही. फैझल स्कूटरवर आणून सोडायचा, गळ्याला मफलर, हातात पेन आणि छोटी वही. उत्तर वहीत लिहून दाखवायचे. आणि देवाची करणी अशी, की त्या वर्षी ते खेळायला लागले तसे कधी खेळले नव्हते. मच्छिंद्रचं त्या वर्षी कशातच लक्ष नव्हतं, तो मागं पडला. नोव्हेंबरअखेर राकेशचे एकतीस, हमीदभाईंचे सत्तावीस. उरला एकच डाव, डिसेंबरचा. पाळी मच्छिंद्रची.

त्याच आठवड्यात तो हमीदभाईंच्या घरी गेला होता. निघताना रझियाभाभी दारापर्यंत आल्या, दार मागं ओढून घेतलं आणि हळू म्हणाल्या, "ओव्हाळभाऊ, डॉक्टर म्हणतात उन्हाळा धरू नका."

म्हणजे पुढचा डिसेंबर नाही. पहिल्याच खुणेला ओळखलं तर बत्तीस होतात. एवढा एकच हिशेब मच्छिंद्रच्या डोक्यात फिरायला लागला. दापोडीच्या विहारात संध्याकाळी तो नेहमीपेक्षा जास्त वेळ बसला. आपण खोटं तर करत नाही, मनाला त्यानं समजावलं. उत्तर कानात सांगत नाही, गुण वाढवून घेत नाही. सोपं विचारतो, एवढंच. सोपं विचारायला कुठल्या शीलात मनाई आहे?

विमान त्यानं पॅकेट धरलं. हवाई दलाचं जुनं मालवाहू, दोन शेपट्यांचं. हमीदभाईंचं सगळ्यात लाडकं. सार्जंटनं त्यांना सांगितलं होतं, की पॅकेटमधून सामान खाली टाकायचं असलं की मागची दारं हवेत उघडता येत नाहीत, ती जमिनीवरच काढून ठेवायची आणि तसंच उघड्या पाठीनं लडाखवर जायचं. आत माणसं गारठून लाकूड व्हायची. ही गोष्ट हमीदभाईंनी मच्छिंद्रला शंभरदा सांगितली असेल. राकेशच्या कागदांत ती असणं कठीण. पहिली खूण तीच ठेवायची. मच्छिंद्रनं लिफाफा चिकटवला आणि बऱ्याच दिवसांनी त्याला नीट भूक लागली.

डिसेंबरचा दुसरा रविवार. माडीवर नऊ माणसं. तात्यारावांनी लिफाफा पाण्याच्या तांब्याखाली ठेवला. "बोला ओव्हाळ. आणि जरा मराठीत बोला, गेल्या खेपेला तुमची खूण कळायलाच आम्हाला अर्धा तास लागला."

मच्छिंद्रनं हमीदभाईंकडे बघायचं टाळलं. "सामान खाली टाकायचं असेल, तर या विमानाची मागची दारं जमिनीवरच काढून ठेवून उडावं लागे."

राकेश कपाळ चोळायला लागला. हमीदभाईंनी डोळे मिटले. उघडले. ओठांच्या कडेला हसू आल्यासारखं झालं. त्यांनी टेबलावर हात नेला, आणि मध्येच थांबवला. मच्छिंद्रकडे बारीक डोळ्यांनी बघितलं, पंचवीस वर्षं बघत आले तसं, हा कुठं खड्डा खणतोय ते शोधत. मग टेबल वाजवलं आणि वहीत लिहिलं.

तात्यारावांनी वही घेऊन वाचलं. "नोरॅटलस."

फ्रेंचांचं विमान. तेही दोन शेपट्यांचं, त्याचीही दारं तशीच काढून ठेवावी लागत. आपल्याकडे ते कधी आलंच नाही, म्हणून कुणाला फारसं माहीतही नाही. ओव्हाळनं विचारावं असं विमान.

त्यांना पॅकेट सुचलं होतं. पहिलं तेच सुचलं होतं, आणि ओव्हाळ एवढं सोपं विचारायचा नाही म्हणून त्यांनी ते टाकून दिलं होतं. लिफाफा तांब्याखाली, त्यात काय आहे ते बदलता येत नव्हतं.

"काय ओव्हाळ?" तात्याराव म्हणाले. "बरोबर की चूक? का तुम्हीच विसरलात?"

"चूक," मच्छिंद्र म्हणाला.

दुसरी खूण: दोन पंख्यांच्या या विमानाच्या पाठीवर आपल्या लोकांनी वरून एक जेट इंजिन बसवलं. ती पुरी होण्याआधीच राकेशनं टेबल वाजवलं. "पॅकेट." लिफाफा उघडला. टाळ्या झाल्या. राकेश भला पोरगा, त्यानं ढाल हातात घेतली तेव्हा त्यालाच अवघडल्यासारखं झालं. "हमीदकाका, तुमचं उत्तरसुद्धा खुणेला बसत होतं," तो म्हणाला.

हमीदभाईंनी मान हलवली. ते राकेशकडे बघत नव्हते.

जिन्यात फैझलची वाट बघत दोघं उभे राहिले. हमीदभाई कठड्याला धरून होते. वही त्यांनी काढली नाही, त्या फुटक्या आवाजातच म्हणाले, "पॅकेट? तू?"

"दुसरं काही सुचलं नाही या महिन्यात."

"दारांची गोष्ट मी सांगितलेली."

"तीच आठवली, म्हणून..."

"ओव्हाळ." ते श्वास घ्यायला थांबले. "मी मेलो नव्हतो अजून."

खाली स्कूटरचा हॉर्न वाजला. हमीदभाई एकेक पायरी उतरून गेले. त्यानं हात पुढं केला होता, तो त्यांनी धरला नाही.

जानेवारीच्या रविवारी ते आले नाहीत. मच्छिंद्र घरी गेला, तर रझियाभाभींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "झोपलेत." आतून खोकला ऐकू येत होता. पुढच्या आठवड्यात गेला तेव्हाही झोपलेत. तिसऱ्या खेपेला भाभी दारातून बाजूला झाल्या.

खाटेवर माणूस कसला, चादरीची घडी पडल्यासारखं दिसत होतं. तोंड भिंतीकडे. मच्छिंद्र खुर्चीवर बसला. तब्येत कशी आहे, औषध घेता का, असलं काही विचारायचं नाही असं तो जिन्यातच ठरवून आला होता. माफीसुद्धा मागायची नाही. माफी म्हणजे आणखी एक सोपी गोष्ट.

"हवाई दलानं याला कधी हात लावला नाही," तो म्हणाला, "तरी हे आपल्या सैन्यात होतं."

भिंतीकडचं तोंड हललं नाही.

"जगात सगळी मिळून पंचवीसच्या आसपास बनली."

भाभी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"चाकं होती, पण ज्या कामासाठी घेतलं तिथं चाकांचा उपयोग कमीच."

हमीदभाई हळूहळू कुशीवर वळले. डोळे खोल गेलेले, पण त्यांत ती जुनी बारीक नजर आली होती. त्यांनी बोट उचलून हलवलं. थांब. पुढच्या खुणा नकोत.

"सोपं नाही," मच्छिंद्र म्हणाला. "येणार नाही तुम्हाला."

ओठ हलले. त्याला कान जवळ न्यावा लागला. "उद्या सांगतो. जा."

ते विमान होतं सीलँड. पाण्यावर उतरणारं, नौदलानं कोचीनला ठेवलेलं. ग्रंथालयात तीन आठवडे बसून त्यानं ते काढलं होतं. दुसऱ्या दिवशी तो सकाळीच निघाला, पण त्यांच्या घराकडे जाताना बोळीच्या तोंडाशीच त्याला फैझलचं दुकान बंद दिसलं. शेजारचा दुकानदार म्हणाला, पहाटे हमीदभाईंना दवाखान्यात नेलं. तिथं नाकातोंडात नळ्या, शुद्ध नाही. पाचव्या दिवशी गेले. कबरस्तानात मच्छिंद्रनं बाकीच्यांबरोबर मूठमाती दिली आणि सगळे पांगले तरी तो तिथंच उभा राहिला.

महिन्यानं तो भाभींकडे गेला. विचारू की नको असं करत शेवटी विचारलंच, की त्या रात्री काही म्हणाले का?

"म्हणाले काही नाही," भाभी म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर जेवले नाहीत. फैझलला माळ्यावरची पुस्तकं काढायला लावली. सगळी खाटेवर पसरली. चाळत बसले, मला दिवा घालवू देईनात. मग छातीवर एक उघडं ठेवून झोपले."

"कुठलं? कुठलं पान?"

"मला काय कळणार, भाऊ. सगळी एकसारखीच. पहाटे गडबडीत फैझलनं गोळा करून ठेवली."

मच्छिंद्रला ते पान कधी कळलं नाही. त्यांना उत्तर सापडलं होतं की शोधता शोधता डोळा लागला, तेही नाही. मंडळात मार्चमध्ये त्याच्यावर पाळी आली. तात्याराव म्हणाले, "तांबोळींना तुम्ही शेवटी काहीतरी भयंकर विचारलं होतं म्हणे. तेच घाला की. तसंही इथं कुणाला येणार नाही."

"ते नको," मच्छिंद्र म्हणाला. "ते हमीदभाईंकडे आहे."

तात्यारावांच्या जिभेवर काहीतरी आलं असावं. त्यांनी ते गिळलं, चष्मा पुसला आणि पाळी राकेशला दिली.