वाईट अक्षर पाहिजे

एकोणीसशे एकाहत्तर साली मी वाईट अक्षर गोळा करायला मुंबईहून गावी आलो.

हसू नका, माझं शिक्षणच त्यावर अडलं होतं! हातानं लिहिलेलं अक्षर संगणकाला ओळखायला शिकवणं हा माझा प्रबंधाचा विषय. अक्षरात गाठ कुठे, फाटा कुठे, रेघ मोकळी कुठे सुटते, या खुणा यंत्रानं हेरायच्या. पण सुबक अक्षर सोडून दुसरं काही त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. सर म्हणाले, "खेड्यातलं वेडंवाकडं अक्षर आण, त्यातून नव्या खुणा शोध. नाहीतर विषय बदल." (म्हणजे आजवरची सगळी मेहनत पाण्यात!)

नेवाशाजवळचं आमचं गाव या बाबतीत भलतंच श्रीमंत निघालं. शेजारच्या सर्जेनानांनी 'क' तीनदा लिहिला आणि तिन्ही वेळा वेगळाच प्राणी झाला.

"लई घाण झालं का रं?"

"नाना, सोनं आहे हे, सोनं!"

नानांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं. शिकून पोराच्या डोक्यावर परिणाम झाला, असं त्यांना वाटलं असावं.

गावभर फिरून जमवलेल्या अक्षरांचा गठ्ठा ओट्यावर ठेवून, ती घरांत उतरवायला लागणारे चौकटीचे कागद आणायला मी नगरला गेलो. तिथेच चुकलं! माझे वडील, अण्णा, म्हणजे गावच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. गावाला लिहायला त्यांनीच शिकवलेलं. संध्याकाळी परत येतो तर शाळेच्या पडवीत सगळा गाव मांडी घालून कित्ता गिरवतोय, आणि अण्णा रूळ घेऊन रांगांमधून फिरतायत!

"अण्णा, हे काय?"

"असली अक्षरं मुंबईला न्यायची? लोक म्हणतील, या मास्तरनं जन्मभर केलं काय?" अण्णांनी रूळ खांबावर आपटला.

"मास्तर, हात आखडला वो," नाना कण्हले. "ह्याच्यापरीस नांगर बरा हुता!"

"मान खाली! 'क'चं पोट गोल काढ!"

मी भीत भीत विचारलं, "आणि माझे कागद?"

रांगेत बसलेली आई हळूच म्हणाली, "बंबात घातले रे त्यांनी. पाणी मात्र छान तापलं."

मला रडूच यायचं बाकी होतं. पण अण्णांनी नवा गठ्ठा इतक्या अभिमानानं हातात ठेवला की बोलायचा धीर होईना. सगळ्या गावाचा 'क' एकसारखा!

मुंबईत कार्डांना भोकं पाडून ती अक्षरं यंत्राला भरवली. एकूण एक ओळखली. सर मात्र नाखूश! म्हणाले, "हे तर सगळं सुबकच! आता ताजा नमुना घेऊ. तूच लिही."

मी लिहिलं. यंत्रानं माझा 'क' आधी 'फ' ठरवला, मग 'ळ', आणि शेवटी नुसतं प्रश्नचिन्ह छापून ते गप्प बसलं. सरांचा चेहरा उजळला. "अरे, हेच तर हवं होतं!"

विषय बदलावा लागला नाही. प्रबंधातले वाईट अक्षराचे सगळे नमुने एकाच माणसाकडून मिळाले, आणि तो कुठल्या हेडमास्तरांचा चिरंजीव, हे मी अण्णांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही!