लोनाडची लाल मुनिया

डोंबिवलीहून पहाटे निघतानाच माझ्या नातीने, अश्विनीने बजावलं, "आजी, तिथे तोंड बंद." पक्षी दाखवायला ती पहिल्यांदाच पाच माणसं घेऊन चालली होती. लाल मुनिया दाखवतेच, असं सगळ्यांना सांगून बसली होती. मी जेवणासाठी निघाले होते.

कल्याणला दुर्गाडीचा पूल ओलांडला आणि पुढे गोदामंच गोदामं. त्यांच्या मागे लोनाडची भातशेती अजून शिल्लक आहे. बांधावर तासभर गप्प बसलो. मग समोरच्या भातात अंगठ्याएवढी लाल पाखरं उतरली. अश्विनीने दुर्बीण उचलली आणि मी "हाऽऽ हुर्रर्र!" करत ढेकूळ भिरकावलं.

मुद्दाम नाही. मुरबाडला आमच्या भातावर लहानपणी माझं कामच ते. भातात पाखरू दिसलं की हात उठतो.

"आजी!" अश्विनी रडायच्या बेतात. शेताची मालकीण जनाबाई मात्र पलीकडून ओरडली, "बरा केलास गो! माझा भात वाचवलास."

मग टेकडीवरची लेणी पाहिली. भिंतीवर दगडाचा राजा दरबार भरवून बसलाय, नाक झिजलंय. लेण्यातल्या देवीला हात जोडले. आत गार वाटलं, पण वटवाघळांचा वास फार.

जेवण जनाबाईकडे. तांदळाची भाकरी आणि चिंबोऱ्यांचं (खेकड्यांचं) कालवण. मसाला जरा जास्त, तरी मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. अश्विनीने एक चिवडली.

"निघू या आता," ती पडेल आवाजात म्हणाली.

"थांब. दाणा दुधात आलाय. तो सोडून पाखरू जात नाही. ऊन कललं की येतील."

"नक्की?"

"चौथीनंतर तेच तर शिकले."

परत बांधावर बसलो. या वेळी तिने माझे दोन्ही हात आपल्या मांडीवर दाबून धरले. ऊन कललं. आधी दोन आली, मग वीसेक. मागून कोणीतरी हळूच "आई शप्पथ!" म्हणालं. अश्विनी हसली. माझे हात काही सोडले नाहीत, एका हाताने ते धरून दुसऱ्याने दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावली.

लाल अंगावर पांढरे ठिपके, मोहरीएवढे. या पाखरांपायी माझी शाळा सुटली. इतकी हाकलली, पण नीट पाहिली आजच. देखणी आहेत. भात खातात, ते वेगळं.

परतताना रिक्षात अश्विनीने विचारलं, "पुढच्या वेळी येशील?"

"चिंबोऱ्या असतील तर," मी म्हणाले. "आणि हात धरायला तू."