साडूंसमोर जेसीबी म्हणायचं नाही

मोडलेली वस्तू नावाची चीज या जगात नसतेच, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. त्यांच्या मते वस्तू दोनच प्रकारच्या : चालणाऱ्या, आणि अजून त्यांच्या हाती न लागलेल्या. उभी हयात विम्याच्या कचेरीत टेबलाशी गेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही इस्त्रीचा पांढरा शर्ट सुटला नाही. खिशाला दोन पेनं, आणि त्या दोन पेनांच्या मधे कायम एक टेस्टर. कुणाच्या घरी गेले की हातातलं पाणी पिण्याआधी ते पंख्याकडे पाहत. "आवाज करतोय," म्हणत, आणि आपण "नाही हो" म्हणेपर्यंत स्टुलावर चढलेले असत. बरं, त्यांच्या हातून दुरुस्ती होत नाही असं कोणाला म्हणता येणार नाही. व्हायची. फक्त ती वस्तू जुन्या सवयी टाकून नव्या लावून घ्यायची. आमच्या मिक्सरला त्यांचा हात लागल्यापासून तो उत्तम चालतो. मात्र तो चालू असेपर्यंत दारावरची बेलही वाजत राहते. घरात चटणी वाटायला घेतली की मी सवयीनं दार उघडून येतो. तक्रार केली तर म्हणाले, "आपल्याला मिक्सर हवा होता ना? मिक्सर चालतोय. बेलचं आपण बोलला नव्हता."

त्यांची पत्नी म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ताई फार बोलत नाही, कारण तिचं एक वाक्य समोरच्याला आठवडाभर पुरतं. दोघं हडपसरला पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. निवृत्तीनंतर साडूंनी लोणी काळभोरच्या पुढे एकरभर मुरमाड जमीन घेतली, आणि ताईने तिथं आंब्याची कलमं लावली. जमिनीला पाणी नाही. मग ताई हडपसरहून पाण्याचे कॅन घेऊन बसने जायची. कंडक्टर तिला पाणीवाल्या मावशी म्हणायचा आणि कॅनना बसायला जागा करून द्यायचा. तरीही दर उन्हाळ्यात काही कलमं जायचीच. एका वैशाखात ती शेतावरून आली, रिकामे कॅन धुऊन गॅलरीत पालथे घातले, आणि "आणखी गेली," एवढंच म्हणून आत जाऊन पडली. साडू त्या वेळी टोस्टर उघडून बसले होते. त्यांनी टोस्टर तसाच मिटला. न जोडता मिटलेली ती त्यांची पहिलीच वस्तू.

दुसऱ्या दिवसापासून ते शेततळं खणायच्या मागे लागले. आता तळं म्हणजे जेसीबी आला. पण साडूंसमोर जेसीबी म्हणायचं नाही. "तो बॅकहो लोडर. पुढं लोडर, मागं बॅकहो. आपण कुठल्याही टूथपेस्टला एकाच कंपनीचं नाव देतो का?" "देतो," मी म्हणालो. "म्हणूनच देशाचे दात असे आहेत," साडू म्हणाले. भाड्याने यंत्र देणारे मात्र भेटतच नव्हते. प्रत्येकजण "उद्या येतो" म्हणे. साडू छत्री आणि चहाचा थर्मास घेऊन माळावर दिवसभर उभे राहत. शेजारच्या शेताचे मालक आप्पा, मोठा मायाळू माणूस, त्यांना साडूंनी शेवटी विचारलं, "अहो आप्पा, आपल्याकडे उद्या या शब्दाचा अर्थ निराळा आहे का?"

"न्हाई सायेब, अर्थ त्योच हाय," आप्पा म्हणाले. "दिवस तेवढा येगळा असतो."

त्यावर साडूंनी स्वतःचंच यंत्र आणायचं ठरवलं. ते त्यांना एका भंगारवाल्याच्या आवारात सापडलं. कंपनीची पाटी गंजून गेलेली, कोणत्या देशात जन्मलं हेही कळू नये असं. मागच्या दांड्यावर वेल चढलेला, सीटमध्ये पिंपळ उगवलेला, आणि पुढच्या बकेटमध्ये एक कुत्री व्यालेली. भंगारवाला म्हणाला, "घेऊन जा आजच." साडू म्हणाले, "आज कसं? बाळंतीण आहे." पिल्लांचे डोळे उघडून ती बकेटबाहेर उड्या मारायला लागेपर्यंत साडू थांबले. तोवर ते रोज दूध घेऊन जात, आणि एका हाताने पिल्लांना पाजताना दुसऱ्या हाताने नट सैल करत. पिंपळही त्यांनी मुळासकट काढून शेताच्या बांधावर लावला. ताई म्हणाली, "चला, यंत्राचं नंतर बघू, सीट तरी रुजली."

शेतावर वीज केव्हा येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून यंत्र ट्रकवर चढून सोसायटीत आलं आणि ताईच्या गॅलरीखाली, पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये उतरलं. सेक्रेटरी धावत आले. "हे काय आहे?" "पाहुणे," साडू म्हणाले. "किती दिवस राहणार?" "पाहुण्यांना असं विचारतात का?" सेक्रेटरींनी पार्किंगची नियमावली काढून पाहिली; तिच्यात पाहुण्याला चाकं असावीत एवढंच लिहिलं होतं, आणि याला ती होती. मग साडूंनी यंत्राला पाटी लावली : 'हे यंत्र आहे, घसरगुंडी नव्हे. चढायची हौस असलेल्या मुलांनी आपल्या वडिलांवर चढावे.' वडील मंडळींनी तक्रार केली, तेव्हा खाली दुसरी ओळ आली : 'वडिलांनी त्याआधी उठून बसावे.'

मग महिनेन् महिने साडूंचे फक्त पाय दिसत. सकाळी दूधवाला पायांना विचारून दूध देई. आम्ही गेलो की ताई म्हणायची, "खाली भेटून आलात का? उजवा पाय हलवला तर ओळखलं म्हणायचं." ग्रीसचे डाग, ऑइलचे डबे, आणि शर्ट मात्र पांढराच, कारण ग्रीसच्या कामाला उतरताना ते शर्टावरून ताईचा जुना गाऊन घालत. मोठमोठ्या फुलांचा तो गाऊन घातलेला गृहस्थ यंत्राखालून सरपटत बाहेर येताना पाहून एका कुरिअरवाल्याने पार्सल टाकून पळ काढला होता. यंत्राशीही त्यांचं बोलणं अहो-जाहोचं. पाना निसटून बोट चेचलं तरी ते कळवळून एवढंच म्हणायचे, "अहो, हे आपल्याला शोभत नाही!" एकदा दाबाची नळी फुटली आणि लग्नाला निघालेल्या सेक्रेटरींच्या जरीच्या कुर्त्यावर डोक्यापासून पायापर्यंत तेल उडालं. साडू मात्र आनंदाने ओरडले, "प्रेशर आलं! अहो, प्रेशर आलं!" आणि त्यांनी त्या तेलकट सेक्रेटरींना मिठी मारली. पुढे सेक्रेटरी सांगत, कुर्ता गेला त्याचं काही नाही, पण इतक्या प्रेमाने मला बायकोनेही कधी मिठी मारली नाही.

आणि एका सकाळी यंत्र सुरू झालं. आधी सगळी इमारत काळ्या धुरात दिसेनाशी झाली. धूर विरला तेव्हा मागचा दांडा कुरकुरत, थांबत, पुन्हा कुरकुरत वर येत होता. तो ताईच्या गॅलरीच्या कठड्याशी येऊन थांबला. बकेट बरोबर तिच्यासमोर. खाली साडू सीटवर बसून मान वर करून पाहत होते, परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या मुलासारखे. ताईने बकेटकडे पाहिलं, आत गेली, आणि चहाचा कप बशीसकट आणून बकेटमध्ये ठेवला. "सांडू नका," म्हणाली. दांडा खाली आला. चहा सांडला नाही. त्यानंतर रोजचा चहा, डबा, चष्मा, सगळं त्याच वाटेने जाऊ लागलं. अर्थात काही नव्या सवयी यंत्रानेही लावून घेतल्या होत्या. हॉर्न दाबला की वायपर फिरे, आणि दांडा फक्त डावीकडे वळे. "उजवीकडे जायचं तर?" मी विचारलं. "डावीकडूनच जायचं. थोडं लांब पडतं."

यंत्र शेतावर न्यायचा दिवस मी विसरणार नाही. पुढे मी स्कूटरवर, काठीला लाल फडकं बांधून. मागे धूर सोडणारं यंत्र, वर इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेनं. हे दृश्य भाजीबाजारात शिरलं की हडपसरच्या माणसाच्या मनात एकच विचार येतो. "आले! उचला!" अशी आरोळी उठली. हातगाड्या पळाल्या, टोपल्या डोक्यावर गेल्या, कोथिंबिरीच्या जुड्या रस्ताभर. एक चपलांचा दुकानदार तर स्टुलावर चढून आपला पुढे काढलेला पत्रा स्वतःच खोलायला लागला. साडूंनी यंत्र थांबवलं.

"अहो, आपण पत्रा का काढताय?"

"काढतोच आहे साहेब, दोन मिनिटं द्या."

"अहो, मी खासगी माणूस आहे. शेतावर चाललोय."

"सगळे साहेब आधी असंच म्हणतात."

साडू खाली उतरले. आता समजूत घालतील असं मला वाटलं. पण त्यांची नजर पत्र्याकडे गेली होती. "हा आवाज करत असणार वाऱ्यात," ते म्हणाले, आणि दुकानदार नको म्हणायच्या आत बकेटच्या कडेवर चढून त्यांनी सगळे स्क्रू आवळून दिले. मागे थेट गाडीतळापर्यंत वाहनं तुंबली, हॉर्नचा कल्लोळ, आणि हे शांतपणे वॉशर मागतायत. दुकानदार माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "पत्रा लावून देणारे अतिक्रमणवाले पहिल्यांदाच पाहिले. नवीन योजना आहे का?"

तळ्याचं काम मात्र फत्ते झालं. दांडा डावीकडेच वळत असल्यामुळे तळं गोल झालं. साडू आतल्या बाजूने फिरत फिरत खणत खाली गेले. आप्पा रोज काठावर येऊन बसत. शेवटच्या दिवशी त्यांनी हाक मारली, "सायेब, तळं झ्याक झालंय. पर तुमी वर कसं येनार?" साडूंनी मागे वळून पाहिलं. वर येण्याची उतरण त्यांनी नुकतीच, अगदी सफाईने, खणून काढली होती. नवी उतरण करायला त्यांनी यंत्र वळवलं, आणि तेवढ्यात इंजिन तापून बंद पडलं ते पडलंच. साडू स्टार्टर काढून घरी घेऊन आले. तो टेबलावर उघडलेला असतानाच पाऊस लागला.

आम्ही पोचलो तेव्हा तळ्यात गुडघाभर पाणी होतं. साडू पँट गुंडाळून आत उतरले. मला वाटलं, यंत्र वाचवायला. पण त्यांनी मला डबे मागितले, आणि भर पावसात एकेक बूच उघडून डिझेल, इंजिनचं ऑइल, नळ्यांमधलं तेल, सगळं डब्यांत काढून घेतलं. "पाण्याला वास लागायला नको," ते म्हणाले. "तिच्या झाडांना जायचंय." बॅटरी आणि सीट तेवढी त्यांनी वर आणली. काही दिवसांत पाण्याबाहेर फक्त दांड्याचं टोक उरलं आणि त्यावर खंड्या बसू लागला. ती सीट हल्ली त्यांच्या गॅलरीत आहे. तिच्यावर बसून ते पेपर वाचतात आणि मधेच डाव्या हाताने नसलेला दांडा ओढतात.

पहिला उन्हाळा गेला. एकही कलम गेलं नाही. ताई बसने जायची ती आता रिकाम्या हाताने, आणि कंडक्टर काळजीने विचारायचा, "मावशी, सगळं बरं आहे ना?" पुढच्या उन्हाळ्यात ऊन फार होतं. पाणी उतरत उतरत यंत्राच्या चाकांपर्यंत आलं. साडूंनी पंप आणला. उरलेलं पाणी उपसायचं आणि आप्पांच्या ट्रॅक्टरने साखळी लावून यंत्र ओढून काढायचं, असं ठरलं. मी, आप्पा, ताई, सगळे जमलो. साडूंचा चेहरा इतका उजळलेला मी त्या चहाच्या सकाळनंतर पाहिला नव्हता. इंजिन कसं उघडायचं, कोणतं सील कुठून आणायचं, सगळं त्यांचं मला वाटेत सांगून झालं होतं.

पंप सुरू करायची दोरी हातात घेऊन ते थांबले. ताई आंब्यांपाशी उभी होती. त्या वर्षी झाडांना पहिल्यांदा कैऱ्या धरल्या होत्या. पाऊस अजून लांब होता. साडूंनी तळ्याकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं, आणि पुन्हा बराच वेळ तळ्याकडे पाहिलं. मग त्यांनी दोरी सोडली आणि पाइप गुंडाळायला घेतला.

"काय झालं सायेब?" आप्पांनी विचारलं.

"राहू द्या. रोज थोडं थोडं घातलं तर पावसापर्यंत पुरेल."

"आणि यंत्र?" मी म्हणालो.

"असू दे हो. पाण्यात लोखंड उलट चांगलं राहतं," साडू म्हणाले.

हे साफ खोटं होतं, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं माहीत होतं. पाइप गुंडाळताना चिखल त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उडाला होता. ताई काठापाशी आली, पदराचं टोक पाण्यात बुडवून तिने तो डाग पुसायला घेतला. डाग निघत नव्हता. ती पुसत राहिली, आणि साडूही पाइप खाली ठेवून तिच्यासमोर उभे राहिले.