घरी सांगता न येणारा मासा

लातूरजवळच्या तलावावर हौसेने गळ टाकणाऱ्यांना काय मिळतं, याची पाहणी मी मत्स्य खात्यासाठी बरीच वर्षं करत होतो. दर रविवारी तिथे उदगीरचे एक किराणा दुकानदार भेटायचे. कपाळावर भस्म, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग. मुलाला लातूरच्या कोचिंग क्लासला सोडलं, की गळाला भाकरीचा गोळा लावून बसायचे.

"तुमच्यात मासे चालतात?" मी एकदा विचारलं.

"शिव शिव! खातंय कोण? दुकानात गिऱ्हाईक बोलतंय, घरी बायको पोराच्या मार्काचं बोलतीय. हितं समदे गप बसतेत."

एका रविवारी मात्र त्यांच्या गळाला भला मोठा रोहू लागला. काठी घट्ट धरून ते ओरडले, "साहेब, धावा! सोडवा ह्याला!"

मी मासा सोडवला, मोजला आणि पाण्यात सोडला. घाम पुसत ते जवळ आले.

"लई मोठा व्हता, न्हाई?"

"मोठाच."

"अन् घरी कुणाला सांगता येत न्हाई बघा!" त्यांचा चेहरा रडवेला झाला.

पुढे दर रविवारी ते आल्याआल्या हळूच विचारायचे, "त्याच्याहून मोठा घावला का कुणाला?"

पुष्कळांना घावले होते.

"अजून तरी नाही," मी म्हणायचो, आणि ते समाधानाने भाकरी कुस्करायला घ्यायचे.