एकविसाव्या दिवसाचा कापूर

मार्ग धरायचा तर घरातले सगळे देव आधी पाण्यात सोडायचे, असा नियम होता. भगवंत एकच, बाकी कोणी नाही. सत्तर सालच्या आगेमागे हा मार्ग नागपुरात आमच्याच मोहल्ल्यात निघाला. मिलमधल्या एका जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, स्वतःची दारू सोडली आणि टिनाच्या शेडमध्ये लोक जमवायला लागला. लोक त्याला बाबा म्हणायचे. एकवीस दिवस कापूर लावून प्रार्थना, दारू बंद, खोटं बोलणं बंद. घरातल्या एकानं जरी नियम मोडला तरी सगळ्यांची मोजणी पुन्हा एकपासून.

माझा नवरा रोज पिऊन यायचा. उपास, नवस, अंगारे सगळं करून मी थकले होते. म्हटलं, हेही करून पाहू. देव कन्हान नदीत सोडले. फक्त आईनं लग्नात दिलेला देवीचा चांदीचा टाक हातून सुटेना. तो मी ह्यांच्याही नकळत ज्वारीच्या कोठीत दडवला. दोन डगरींवर पाय, दुसरं काय!

पहिले आठ दिवस ह्यांचे हात इतके कापायचे की चहाची बशी मी धरायची. नवव्या दिवशी उशिरा आले, तोंडात लवंग. "ताप आहे" म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपले. मी कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. पुढे ज्वारी काढायला गेले की टाक हाताला लागायचा आणि मी तो आणखी खोल ढकलायची.

एकविसाव्या दिवशी सकाळी बाबा आणि चार सेवक घरी आले. कापूर पेटला. त्याच्यापुढे हात जोडून खरं सांगायचं.

"घरात दुसरा देव राहिला काय?" बाबांनी ह्यांना विचारलं.

"नाही जी," हे म्हणाले, अगदी ताठ मानेनं.

"आन् बाई, तू सांग."

हो म्हटलं तर एकवीस दिवस मातीत, आणि हा माणूस उठून सरळ भट्टीवर जाणार. नाही म्हटलं तर जळत्या कापरापुढे मी खोटी.

"आहे," मी म्हटलं. "ज्वारीत."

कोणी रागावलं नाही. "मंग उद्यापासून एक," एवढंच म्हणून मंडळी गेली. ह्यांनी खुंटीवरचा सदरा ओढला.

"कुठी चालले?"

दार आपटलं.

मला माझाच असा संताप आला! एवढी खरं बोलायची हौस होती तर पहिल्याच दिवशी बोलायचं होतं. दुपारभर चुलीपुढे बसून राहिले. भाकरी करपली तरी कळलं नाही.

उन्हं उतरल्यावर हे आले. लाजलज्जा सोडून मी त्यांचं तोंड हुंगलं. कसलाच वास नव्हता. हातात कापराची पुडी होती.

"माही बी एक गोष्ट आयक," खाली बघत म्हणाले. "नवव्या दिवशी ताप नव्हता वं. पेलो होतो."

"माय वं! आन् मी पट्ट्या ठेवत बसली!"

"तू बोलली नसती तं मी बी बोललो नसतो. बाबाले आत्ताच सांगून आलो."

दुसऱ्या दिवशी दोघं कन्हानला गेलो. टाक मी माझ्या हातानं सोडला आणि आईच्या आठवणीनं हमसून हमसून रडले. ह्यांनी माझं मनगट धरलं.

"आज एक," म्हणाले.