हिवाळ्यात पाहिलेली वाडी

माझ्या हातून एक वाक्य फार वाईट लिहिलं गेलं. भाषेच्या दृष्टीने ते वाईट नव्हतं. उलट चांगलं ठसठशीत होतं, आणि लिहून झाल्यावर मी ते बायकोला मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं. "डोंगरावरील वाडी हा मूळ गावाचा भाग नसून तेथील वस्ती अलीकडची व तात्पुरत्या स्वरूपाची दिसते." बायको गवार मोडत होती. दिसते म्हणजे कुणाला, असं तिने विचारलं. इतिहासाला, असं मी म्हणालो. तिने पुढची शेंग हातात घेतली.

आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालो आणि आम्ही लोणावळ्यात राहायला आलो. निवृत्त प्राध्यापकाला स्वस्थ बसवत नाही. शिकवायला समोर कुणी नसलं की तो शेजाऱ्यांना शिकवतो, दूधवाल्याला शिकवतो. त्यामुळे मावळातल्या कान्हे स्टेशनच्या पुढच्या एका गावाने आपला इतिहास लिहून द्याल का असं विचारलं, तेव्हा आमच्या शेजाऱ्यांनाच जास्त आनंद झाला असावा. गावाचं नाव इथे लिहीत नाही. तिथली माणसं चांगली आहेत आणि चूक माझी होती.

दीड वर्ष मी त्या कामात बुडालो होतो. जुन्या मोजणीचे, वसुलीचे, पाहणीचे कागद मिळतील तिथून मिळवले. गावातल्या शेतकरी घरांच्या पिढ्या जुळवल्या, कुणाचं शेत कुणाकडे कसं गेलं ते लावलं. जेवायला रोज वेगळं घर असायचं आणि प्रत्येक घरी इंद्रायणी भाताचा असा काही वास सुटायचा की माझी वही बाजूलाच राहायची. डोंगराच्या सोंडेवर आदिवासी कुटुंबांची एक वाडी होती. तिच्या जागी मला सापडलेल्या प्रत्येक जुन्या कागदात एकच नोंद होती: पडीक, वस्ती नाही.

नुसत्या कागदावर विसंबून राहणारा मी नाही, असा माझा समज होता. म्हणून पौषातल्या एका सकाळी काठी घेऊन चढून गेलो. वर अकरा घरं होती, कारवीच्या कुडाची, मातीने लिंपलेली. दारं तारेने बांधलेली, आणि चिटपाखरू नाही. मी फटींमधून आत डोकावलो. भांडी नव्हती, आणि मला मोठी महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे एकाही घरात चूल नव्हती. जमीन सारवून गुळगुळीत केलेली. माणसं जिथे टिकून राहतात तिथे चूल असते, राख असते, असं मी वर्गात कितीतरी वर्षं सांगत आलो होतो. उतरताना मी स्वतःवर खूष होतो. त्याच दिवशी ते वाक्य लिहिलं.

पुस्तकाचं प्रकाशन देवळाच्या सभामंडपात झालं. मला शाल आणि नारळ मिळाला. वाडीवरचं कुणी आलं नव्हतं आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात डोंगराला भेग पडली. मावळाला पावसाचं कौतुक नाही, इथे तो पूर्वीपासून मुक्कामालाच येतो. पण गावातली म्हातारी माणसं सांगतात की तो आता मुक्कामाला येत नाही, दरोडा घालायला येतो. बरेच दिवस दडी मारतो आणि मग दोन दिवसांत सगळं ओतून जातो. त्यात वाडीच्या वरच्या अंगाला कुणीतरी बंगल्यांचे प्लॉट पाडायला रस्ता खणला होता. सोंडेची माती सुटली, आणि वाडीच्या मागे माणूस उभा मावेल एवढी भेग दिसायला लागली.

हवामान बदललं की ते सगळ्यांचंच बदलतं, असं आमच्या लोणावळ्याच्या चहाच्या बैठकीत कुणीतरी नेहमी म्हणतं. मला त्या वाक्याचा राग येतो. पाऊस सगळ्यांवर पडतो हे खरं, पण डोंगर सगळ्यांवर पडत नाही. रस्ता खणणारे पुण्या-मुंबईला झोपले होते आणि भेगेखाली झोपणाऱ्यांनी आयुष्यात कधी गाडी घेतली नव्हती. मी जेवढे जुने कागद वाचले त्या सगळ्यांत पूर आला, दुष्काळ आला की सारा किती बुडाला ते अगदी नेमकं लिहिलेलं असतं. छप्पर कुणाचं गेलं ते क्वचित. राजकारण म्हणजे निवडणूक आणि भाषणं असं आपल्याला वाटतं. मला विचाराल तर खरं राजकारण यादीत असतं: नाव कुणाचं घालायचं, कुणाचं नाही. हे मी बैठकीत तावातावाने सांगायचो. अशी एक यादी माझ्याच वाक्यावर अडली आहे, याचा मला तेव्हा पत्ता नव्हता.

ते कळलं भाद्रपदात. सकाळी दार वाजलं. बाहेर एक म्हातारी उभी होती, पायात प्लॅस्टिकच्या चपला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद. ती त्या वाडीवरची होती. कान्ह्याहून लोकलने आली होती आणि स्टेशनपासून विचारत विचारत चालत. बायकोने तिला आत बसवून चहा दिला. कागद माझ्या पुस्तकातल्या पानाची झेरॉक्स होती.

तिने सांगितलं ते असं. वाडी खाली आणून गायरानावर पक्की घरं बांधून द्यायचं सरकारने ठरवलं होतं, पण ती जुन्या रहिवाशांनाच. जुने कोण, हे ग्रामसभेने ठराव करून कळवायचं. आणि ठरावाच्या मसुद्यात माझं वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं होतं. तात्पुरत्या वस्तीला पावसापुरती पत्र्याची शेड मिळणार होती. पाऊस संपला की परत भेगेखाली.

"ह्यात आमी न्हाईच असं लिवलंय म्हनत्यात," ती म्हणाली. "तुमीच लिवलंय का?"

मी हो म्हणालो. मग मी तिला कागदांबद्दल सांगू लागलो, पाहणीबद्दल, प्रत्यक्ष वर जाऊन आल्याबद्दल. तिने सगळं ऐकून घेतलं.

"कवा आलतात?"

"पौषात."

"पौषात आमी कुटं असतो, मास्तर?"

उत्तर बायकोला येत होतं. ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, वीटभट्टीवर. दिवाळी झाली की सगळी वाडी भट्ट्यांवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते, हे तिला आमच्या भाजीवालीने सांगितलं होतं. विद्यार्थ्याने असा निबंध लिहिला असता तर मी त्याला भर वर्गात सोलून काढला असता.

दोन दिवसांनी मी पुन्हा डोंगर चढलो. या वेळी वाडी गजबजलेली होती, कोंबड्या होत्या, दोरीवर कपडे होते. आमच्याकडे आलेल्या त्या मावशीच्या घरात कोपऱ्यात चूल होती, तीन काळ्या धोंड्यांची, भाकरीचा तवा वर. मी तिला विचारलं की पौषात ही कुठे होती. तिने बोटाने खाली दाखवलं. भट्टीवर निघताना वाडीतल्या बायका चूल मोडतात, तिन्ही धोंडे चुलीखालच्या खड्ड्यात पुरतात, वर राख लोटतात आणि सारवून घेतात. परत आलं की उकरून त्याच जागी मांडायचे. हे धोंडे तिच्या सासूने तिला दिले होते आणि सासूला तिच्या सासूने.

पुरायचे कशाला, असं मी विचारलं.

"उगड्या चुलीवर कुनीबी रांधतं," ती म्हणाली. "मंग घर त्याचं व्हतं."

तिने तवा उतरवला, धोंडे बाजूला केले आणि विळ्याने खड्डा उकरला. राखेचा एक थर, मग मातीचा, मग पुन्हा राखेचा. मी मांडी घालून बसलो आणि हात आत घातला. कोपरापर्यंत हात गेला तरी बोटांना राखच लागत होती. पौषात मी फटीतून याच कोपऱ्याकडे पाहून चूल नाही असं लिहून घेतलं होतं.

घरी येऊन मी सगळे जुने कागद पुन्हा काढले. या वेळी मजकुराऐवजी तारखा पाहिल्या. पाहणीला आलेला प्रत्येक साहेब थंडीत नाहीतर उन्हाळ्यात आलेला होता. पावसात ती सोंड चढायची कुणाची टाप होती? कागद खोटं बोलत नव्हते. त्या दिवशी तिथे खरंच कुणी नव्हतं. पण वर्षाचे उरलेले महिने विचारायची जबाबदारी माझी होती आणि मी ती टाळली, कारण कागद माझ्याच भाषेत, शिकलेल्या माणसासारखा बोलत होता.

आता कबूल करायला लाज वाटते, पण माझा पहिला विचार शुद्धिपत्राचा होता. एक छोटी चिठ्ठी छापायची आणि पोस्टाने पाठवून द्यायची. बायकोने ते ऐकलं आणि म्हणाली, "शाल घ्यायला स्वतः गेला होतात. चूक सांगायला पोस्टमन कशाला?"

ग्रामसभा त्याच सभामंडपात होती. सरपंच तरुण होता, नवलाख उंबरे गावाजवळच्या कारखान्यात नोकरी करून गावचं पाहायचा, माझ्याशी नेहमी अदबीने वागायचा. वाडीची माणसं मागे, खांबांच्या पलीकडे बसली होती. मी उभा राहिलो आणि पुस्तकातलं ते वाक्य चुकीचं आहे, मी हिवाळ्यात गेलो होतो, एवढं सरळ सांगितलं. राखेचंही सांगितलं. समोरच्या चेहऱ्यांवर मला आपलेपणा अजिबात दिसला नाही. गायरानावर गावातल्याही काही घरांचा डोळा होता.

सरपंच सावकाश म्हणाला, "सर, आम्ही तुमच्याच पुस्तकावर विसंबून ठराव लिहिला. मग बाकीचं पुस्तक खरं कशावरून?"

"तेही तपासून घ्या," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मागून कुणीतरी विचारलं, मग आमचा आजा बी खोटा का, आणि हशा पिकला. मी खाली बसलो. सगळं फुकट गेलं असं मला वाटलं.

तेव्हा पुढच्या रांगेतले एक आबा काठी टेकत उठले. त्यांच्या ओसरीवर मी कितीतरी वेळा जेवलो होतो. त्यांच्या घराण्याच्या पाच पिढ्या मी वहीत उतरवल्या होत्या आणि वाडीबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं.

"माज्या बापाच्या वावरात आवणीला कोन व्हतं मंग?" आबा म्हणाले. "माज्या आज्याच्या वावरात? आपल्या बायका पुऱ्या पडायच्या व्हय?"

भाताची आवणी पावसातच होते आणि गुडघाभर चिखलात रोपं लावणारे ते हात कुठून यायचे हे त्या मंडपातल्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त माझ्या पुस्तकाला. आणि पुस्तकाला माहीत नाही म्हटल्यावर सगळ्यांना विसरायची सोय झाली होती. सरपंचाने मसुदा पुढे ओढला, पेनाने एक ओळ खोडली आणि अकराही घरांची नावं एकेक करून विचारून लिहिली. दोघंतिघं तोंड पाडून बसले, पण हात सगळ्यांचे वर झाले.

घरं उभी राहायला वेळ लागला. तोवरचा एक पावसाळा वाडीने शेडमध्ये काढला. मी अधूनमधून जायचो. जमिनीवर काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी मावशीने गवंड्याला हटकलं की कोपऱ्यात हातभर जागा मातीची सोड. गवंडी म्हणाला, नकाशात नाही. मग मी सरपंचाला फोन केला, सरपंचाने ठेकेदाराला, आणि अकराही घरांत कोपऱ्याची एक चौकट मोकळी राहिली. एवढंच काय ते माझं त्या बांधकामातलं काम.

परवा दिवाळी झाल्यावर गेलो तर मावशी नव्या घरात त्या चौकटीत खड्डा करत होती. तिन्ही धोंडे शेजारी मांडलेले. मी म्हटलं, आता पक्कं घर झालं, आता कशाला पुरायचे?

"घरानं पोट भरतंय व्हय? भट्टीवर जायाचंच हाये."

मला खरंच वाटलं होतं की मी सगळं निस्तरलं. तिने धोंडे एकेक करून आत ठेवले, राख लोटली, सारवलं. जमीन पुन्हा गुळगुळीत झाली, पौषात मी पाहिली होती तशीच. मग हात पुशीत तिने माझ्याकडे पाहिलं.

"थंडीत कवा आलात, मास्तर, तर आदी हितं खनून बगा. मंग लिवा."

मी हो म्हणालो.