इंजनाचे तास आणि माहेरचं घड्याळ

"व्याह्यांनी दोन वस्तू दिल्या, दोन्ही मुक्या. एक घड्याळ, एक सून."

सासूबाई ओसरीवर शेजारच्या काकूंना सांगत होत्या आणि मी आत भाकरी थापत होते. मी ऐकावं असं त्यांच्या मनात नव्हतं. पण मानवतच्या आमच्या घराची रचनाच तशी. स्वयंपाकघर मधोमध, अलीकडे ओसरी, पलीकडे एका भिंतीआड मामंजींचा कारखाना. दोन्हीकडचं बोलणं चुलीपर्यंत येतं. कमी बोलणाऱ्या माणसाला अशा जागी किस्से गोळा करावे लागत नाहीत. चुलीवरच्या काजळीसारखे ते आपोआप साचतात.

घड्याळाचं आधी सांगते. पोलीस ॲक्शननंतर हैदराबादकडे निघालेल्या निजामाच्या एका अंमलदाराकडून ताडकळसच्या माझ्या वडिलांनी ते हौसेनं घेतलं होतं. गजराचं, पितळी पायांचं. लग्नात मांडवभर मिरवलं आणि सासरी येताच थांबलं. मधूनच चालायचं, मधूनच बंद. सासूबाईंनी ठरवून टाकलं की दिवाळीला माझा भाऊ न्यायला आला की घड्याळ त्याच्याच हाती परत द्यायचं. वडिलांची हौस त्यांच्याच दारात परत जाणार होती. पण बोलणार कोण? मी तर मुकी!

*

आता कारखाना. एक क्रूड तेलाचं इंजन. त्याच्या पट्ट्यावर लेथ, ड्रिल आणि कडेला पिठाची गिरणी. गावातल्या कापसाच्या जिनिंगचं काही मोडलं की आमच्याकडेच येणार. इंजन विकणाऱ्यानं एकच गोष्ट बजावली होती, ठरलेले तास चाललं की तेल बदला, न्हाईतर बेरिंग वितळंल. तास मोजायचं यंत्र वेगळं विकत मिळत होतं. मामंजी म्हणाले, "आज इंजनाला घड्याळ घ्या, उद्या ते चष्मा मागंल."

म्हणून फुकटचे उपाय सुरू झाले.

पहिला उपाय उस्तादांचा. उस्ताद म्हणजे आमचे जुने मिस्त्री. त्यांची बिडी तासाला एक, अगदी ठरलेली. विझलेली थोटकं एका डबीत टाकायची, डबी भरली की तेल बदलायचं. माझ्या लग्नाआधीची गोष्ट, पण उस्ताद अजून स्वतःच रंगवून सांगतात. हिशेब झकास चालला होता. मग रमजान आला. उस्तादांचे रोजे कडक, दिवसभर बिडी बंद. इंजन मात्र धडधडतच होतं.

ईदच्या आदल्या दिवशी बेरिंग वितळलं. मामंजी डबी घेऊन अंगावर धावले. उस्ताद शांतपणे म्हणाले, "मालक, डबीच्या हिशेबानं इंजननंबी रोजे धरले होते."

*

मग मामंजींनी चिंचोके काढले. इंजन चालू असताना जिनिंगचा तासाचा भोंगा झाला की एक चिंचोका मडक्यात. मडकं ठेवलं माजघराच्या कोनाड्यात, कुणाचा हात लागू नये म्हणून.

नणंदबाई माहेरपणाला आल्या. मीही तेव्हा नवीनच होते. दुपारी त्यांना काहीतरी खावंसं वाटलं, मडकं दिसलं. चिंचोके छान भाजले, फोडले, मीठ लावलं, मलाही मूठभर दिले. संध्याकाळी मामंजी मडक्यात डोकावून उभेच राहिले.

"इंजनाचा सगळा उन्हाळा खाल्लास की गं पोरी!"

नणंदबाई म्हणाल्या, "तरीच म्हनलं, तेलकट कसे लागायलेत."

*

ह्यांचा उपाय शिकलेल्या माणसाचा. हे परभणीला शिकून आलेले. त्यांनी टाकीत घालायला एक काठी केली, तिच्यावर खुणा पाडल्या. एवढं तेल जळलं म्हणजे एवढे तास. मला पहिल्यांदाच काही समजावून सांगितलं ते त्या काठीबद्दल. मी मान डोलावली.

दसऱ्याला इंजन बंद. त्याला हळदकुंकू, झेंडूचा हार, समोर नारळ. दुसऱ्या दिवशी ह्यांनी काठी घातली आणि चक्रावले. खुणांवरून इंजन दसऱ्याला जितकं चाललं, तितकं अख्ख्या महिन्यात कधी चाललं नव्हतं.

मला कारण माहीत होतं. सणाची सफाई म्हणून सासूबाईंनी घरातल्या सगळ्या चौकटींना वाळवीसाठी त्याच टाकीतलं तेल पाजलं होतं. काकूंच्या चौकटींनाही. हे काठी हातात धरून घरभर हिंडले आणि सासूबाई म्हणाल्या, "आरं, देव हाय तो. पूजा केल्यावर चाललाबी आसंल."

*

शेवटी मामंजी जोशीबुवांकडून घटिकापात्र घेऊन आले. लग्नात मुहूर्ताला लावतात तेच. पाण्यात तरंगणारी, बुडाला भोक असलेली पितळी वाटी. वाटी बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं. जोशीबुवा स्वतः कौतुकानं बघायला आले.

पाण्याचं घंगाळ इंजनाशेजारी ठेवलं. इंजन सुरू झालं तसं पाणी थरथरायला लागलं, वाटी डुचमळली आणि काठावरून पाणी घेऊन डुबुक. पुन्हा ठेवली, पुन्हा डुबुक. संध्याकाळपर्यंत वाटीच्या हिशेबानं इंजन दिवसापेक्षा जास्त चाललं होतं.

जोशीबुवा वाटी पुसत म्हणाले, "ज्या वरपित्याला लय घाई आसंल, त्याला आता हितंच धाडतो."

सगळे हसले. मी आत चुलीपाशी बसून स्वयंपाकघरातल्या कोनाड्याकडे बघत होते. कोनाडा कारखान्याच्याच भिंतीत, आणि त्यात माझं घड्याळ. घंगाळातलं पाणी थरथरतं, तर भिंतही थरथरत असणार. इंजन बंद झालं, पट्टा फटफटत थांबला. घड्याळानं चार-दोन ठोके टाकले आणि तेही थांबलं.

दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवलं. इंजन सुरू, घड्याळ सुरू. इंजन बंद, घड्याळ बंद. चक्रात तेल वाळलं असावं. भिंतीनं धक्का दिला तरच फिरायचं.

त्याच आठवड्यात मामंजींनी इंजनाचं तेल बदललं, अंदाजानंच. त्या सकाळी मी काटे बारावर आणून ठेवले. रोज किल्ली देत गेले. लहान काट्याचा फेरा पुरा झाला की कोनाड्याच्या आत गेरूची एक रेघ. रतिबाच्या दुधाला ओढतो तशी. घड्याळ परत जायच्या आत त्याचं काहीतरी भलं करायचं होतं, पण कसं ते सुचत नव्हतं.

*

दिवाळी आली. दादा मला न्यायला आला. सासूबाईंनी घड्याळ फडक्यात बांधून त्याच्या मांडीवर ठेवलं. दादाचा चेहरा उतरला. त्यानं गाठोडं उघडलंही नाही.

तेवढ्यात कारखान्यात आवाज चढले. कापसाचा मोसम तोंडावर, जिनिंगचा मोठा शाफ्ट लेथवर चढवायचा होता. मधे बेरिंग गेलं तर अख्खा मोसम जाणार. तेल बदलायचं की न्हाई? उस्ताद म्हणत, लय चाललं. हे म्हणत, अजून तास बाकी हायत. मामंजी म्हणत, दोघंबी गप बसा.

मी दादाच्या मांडीवरचं गाठोडं उचललं. फडकं सोडलं, घड्याळ कोनाड्यात ठेवलं आणि मधल्या दारात जाऊन उभी राहिले. पदर नीट केला.

"मामंजी, इंजन चालू करा."

माझा आवाज त्या घरानं पहिल्यांदाच ऐकला असावा. उस्तादांनी मुकाट्यानं चाक फिरवलं. धडधड सुरू झाली. मी कोनाड्याकडे बोट केलं. टिकटिक. बंद करा, मी म्हणाले. टिकटिक बंद. मग आतल्या रेघा दाखवल्या, एक रेघ म्हणजे बारा तास.

मामंजींनी रेघा बोटानं मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. ठरलेले तास भरून वर थोडे झाले होते. उस्तादांनी तेल सोडलं, ते डांबरासारखं काळं निघालं. बेरिंगला हात लावून ते म्हणाले, "सलामत हाय, मालक. पर शाफ्ट सोसला नसता."

मामंजींनी बोटाचा गेरू पुसला. मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, "हे घड्याळ कोन परत धाडायलंय?"

सासूबाईंनी ओसरीवरच्या काकूंकडे पाहिलं, काकूंनी रांगोळीकडे. दादा रिकामं फडकं हातात घेऊन उभा. त्याला काहीच उमगेना. म्हणाला, "अगं, मग न्यायचं काय नेमकं?"

मी म्हणाले, "दोन मुक्यांतलं एक हितंच ऱ्हाऊ दे, दादा. दुसरं भाऊबीज झाली की परत येतंय."